स्कायरिमचे ड्रॅगन नक्की मरतात का? पावसाळाभर खेळल्यानंतर

मूळ गेम २०११चा, मी खेळलो ती २०१६ची स्पेशल एडिशन. पेडण्यात पाऊस लागला की संध्याकाळी घराबाहेर पडणं होत नाही, त्या महिन्यांत हा गेम चांगलाच अंगात भिनला. ग्राफिक्स आणि लढाईबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला छळलं ते ड्रॅगनांच्या अमरपणाने. पुढे कथेचा शेवट येतो, खेळायचं असेल तर इथेच थांबा.

नियम सोपा आहे. ड्रॅगनाला वार्धक्य नाही. लढाईत पडला तरी आत्मा संपत नाही, म्हणून ड्रॅगनांचा म्होरक्या आल्डुइन जुन्या दफनटेकड्यांवरून त्यांना परत उठवतो. कायमचं मरण फक्त ड्रॅगनबॉर्नच्या, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाच्या हातून, तो आत्मा ओढून घेतो तेव्हा.

मग व्हाइटरन शहराजवळच्या बुरुजावर येणारा मिरमुल्निर हा ड्रॅगन कुठल्या टेकडीतला? उत्तर गेममधल्याच 'ॲटलस ऑफ ड्रॅगन्स' या पुस्तकात मिळालं. त्यात तो जिवंतांच्या यादीत आहे, म्हणजे त्याला कुणी उठवण्याची गरजच नव्हती! तिथे पडलेली पुस्तकं वाचाच.

'डॉनगार्ड' या गेमच्या जोडभागातला ड्रॅगन डर्नेव्हीर तर मला सगळ्यांत जास्त आवडला. व्हॅलेरिका मरेपर्यंत पहारा द्यायचा, असा करार त्याने सोल केर्न या मृतात्म्यांच्या जगाच्या मालकांशी, आयडियल मास्टर्सशी केला. ती व्हँपायर, तिला मरणच नाही. बिचारा तिथेच अडकला, हरवला तरी मरत नाही, त्याचा आत्माही आपल्याला मिळत नाही. आपल्याकडे चिरंजीवांत हनुमानही आहे आणि शापाने भळभळती जखम घेऊन फिरणारा अश्वत्थामाही. डर्नेव्हीर या दुसऱ्या जातीचा. त्यामुळे इथे नियम मोडतो असं मला वाटत नाही.

आल्डुइनचं मात्र कोडं राहतं. सोव्हनगार्ड या वीरांच्या परलोकात तो जळून विरतो, पण त्याचा आत्मा आपल्यात येत नाही. म्हापशाचा माझा मावसभाऊ म्हणतो, तो युगान्ताला परतणार, म्हणून तसं दाखवलंय. मला हे पटतं. जगाचा घास घेणं हेच ज्याचं काम, त्याला वेळेआधी कोण संपवणार?

पण तो गेल्यावरही रस्त्यावर नवे ड्रॅगन येतच राहतात, आणि बहुतेकांना नावही नसतं. जिथे नाव हाच ड्रॅगनाचा प्राण, तिथे निनावी ड्रॅगन? ही लेखकांची नव्हे, गेम चालू ठेवण्याची गरज आहे, आणि ती खटकते. याच मालिकेतल्या ऑनलाइन गेमच्या २०१९च्या 'एल्सवेअर' भागात तर ड्रॅगनबॉर्न नसलेले खेळाडूच ड्रॅगन मारतात. ते पुन्हा उठू शकतील एवढंच समाधान.

एवढी डोकेफोड करायची ती आपल्याला मदत करणाऱ्या पार्थुर्नॅक्स या ड्रॅगनासाठी. ब्लेड्स हा ड्रॅगन मारणाऱ्यांचा संघ, ते त्याला मारायला सांगतात, नाहीतर मदत बंद. हजारो वर्षं स्वतःच्या क्रूर स्वभावाशी झगडणारा तो, आणि माझ्या हातचं मरण हेच त्याचं खरं मरण. अमरपणाचा नियम पक्का असला तरच या निवडीला वजन येतं. मी त्याला मारलं नाही.

स्पेशल एडिशनच घ्या, 'डॉनगार्ड' त्यातच येतं.