शिवसागरावरचा नौकाविहार : बोट चांगली, धक्का कच्चा

डिसेंबर २०२० च्या उत्तरार्धात राज्य सरकारने करोनाच्या साथीमुळे बंद असलेल्या नौकाविहाराला प्रतिबंधित क्षेत्राबाहेर, म्हणजे रुग्णांमुळे बंद केलेल्या भागांबाहेर, पुन्हा परवानगी दिली, तेव्हा साताऱ्यात सरळ दोन तट पडले. महानगरांत रात्रीची संचारबंदी लावता आणि इकडे सहलीच्या बोटी सोडता, हे कसले धोरण, असे एकांचे म्हणणे होते. मंगल कार्यालयात पन्नास माणसे चालतात, तर उघड्या पाण्यावर सहा माणसांनी काय घोडे मारले आहे, असे दुसऱ्यांचे. जानेवारी २०२१ मध्ये कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर, साताऱ्याच्या बाजूने बोटी सोडणाऱ्या एका क्लबची सेवा आम्ही सहकुटुंब घेतली. परवानगी योग्यच होती, असे माझे मत त्यानंतर पक्के झाले. मात्र तिच्याबरोबर आलेल्या अटी बोटीत जितक्या चोख पाळल्या जात होत्या, तितक्या धक्क्यावर पाळल्या जात नव्हत्या, आणि या परीक्षणाचा बराचसा भाग त्यासंबंधीच आहे. तापोळा, बामणोली, शेंबडी अशा अनेक ठिकाणांहून बोटी सुटतात. त्यांपैकी हा क्लब कोणता, हे येथे सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न सर्वत्र येऊ शकतो.

प्रथम जमेच्या बाजू. यवतेश्वर आणि कासमार्गे येणारा रस्ता जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच असल्यामुळे, जिल्ह्याबाहेरच्या प्रवासासाठी असलेली ई-पासची (ऑनलाइन परवान्याची) सक्ती सप्टेंबर २०२० मध्ये उठण्यापूर्वीसुद्धा आम्हा सातारकरांना तेथवर जाण्यास ई-पास लागत नव्हता. अडचण होती ती बोटी बंद असण्याची. १०५ टीएमसी क्षमतेच्या या धरणाचे पाणी कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांत दूरवर पसरलेले आहे, त्यामुळे धक्का सोडून दहा मिनिटे झाली की दुसरी बोट दिसली तर दिसते. अंतर राखण्याचा नियम येथे भूगोलच पाळून घेतो. वासोटा किल्ल्याच्या बाजूला गेल्यावर काठाला दाट जंगल लागते, हा सारा भाग कोयना अभयारण्याचा असल्याने वस्ती नाही, आणि इंजिन बंद करून बोट नुसती तरंगत ठेवावी, अशी विनंती केल्यास नावाडी ती आनंदाने मानतात. ती अवश्य करावी, आणि तिला आणखी एक कारण आहे.

या लाँचचे डिझेल इंजिन उघडेच असते आणि त्याचा आवाज इतका मोठा असतो की शेजारच्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते. आमच्या बोटीत नेमके तेच झाले. धक्क्यावर मास्क नीट लावून बसलेली मंडळी इंजिन सुरू होताच एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागली आणि ऐकू यावे म्हणून मास्क हनुवटीवर आले. एकाच घरातली माणसे असतील तर यात बिघडत नाही, कारण ती घरीही एकत्रच असतात. अनोळखी माणसे असतील, तर मात्र मोकळ्या हवेचा निम्मा फायदा तेथेच संपतो.

आणि अनोळखी माणसे असतातच, कारण भाडे माणशी नसून अख्ख्या बोटीचे असते. तिघाचौघांच्या कुटुंबाला ते जड जाते, म्हणून तिकीट खिडकीपाशीच दुसरे कुटुंब गाठून भाडे वाटून घेण्याची पद्धत येथे जुनी आहे. एरवी त्यात गैर काही नव्हते. उलट प्रवासात ओळखी होत. त्या हिवाळ्यात मात्र क्लबने एका बोटीत निम्मीच माणसे बसवण्याचा फलक लावला होता आणि त्याच वेळी खिडकीवरचा माणूस दोन वेगवेगळ्या घरांची मंडळी एका बोटीत जुळवून देत होता. संख्या नियमात बसली, हेतू पाण्यात गेला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या राज्य सरकारच्या करोना मोहिमेचा फलक जवळच लावलेला होता, त्यामुळे हे अधिकच खटकले. आम्ही वेगळी बोट मागितली आणि पूर्ण भाडे भरले. ती कुरकुर न करता मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. क्लबचीही बाजू आहे. डिझेल तेव्हा लिटरला ऐंशी रुपयांच्या पुढे गेले होते, बोटीत चार बसले काय आणि दहा बसले काय, इंजिन तेवढेच पिते, आणि मार्च २०२० पासून हातात पैसा नव्हता. तरीही लहान कुटुंबासाठी कमी वेळाची, कमी भाड्याची एखादी फेरी ठेवली असती, तर माणसे जुळवण्याची गरजच पडली नसती.

धक्क्यावरची व्यवस्था सर्वांत कच्ची होती. टोकन नव्हते, त्यामुळे आपला क्रमांक जाईल या भीतीने सगळे एकाच पत्र्याच्या शेडखाली दाटीवाटीने उभे राहत होते, आणि बाहेर एवढा मोकळा काठ रिकामा पडलेला होता. मोबाइलला रेंज मिळत नसल्याने व्यवहार रोखीने होत होता आणि सुट्ट्या पैशांवरून रांग अडत होती. हाताने लिहिलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या असत्या, तरी पुरले असते.

मिशिगन या अमेरिकेतील राज्यात एप्रिल २०२० मध्ये घरी राहण्याचा आदेश लागू असताना वल्ह्याच्या होड्या चालत होत्या, मोटारबोटींना मात्र बंदी होती. तेथे त्यावर बराच वाद झाला आणि महिना संपण्यापूर्वी ती बंदी उठवण्यात आली. आपल्याकडे तोच निकष लावला, तर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावरची पायडलची बोट निर्धोक आणि शिवसागरावरची लाँच धोक्याची ठरेल. पण वेण्णेच्या काठी हंगामात मक्याच्या कणसांच्या आणि स्ट्रॉबेरीच्या गाड्यांपुढे काय गर्दी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. बोट कशावर चालते यापेक्षा तिच्यात कोण कोणाबरोबर बसते आणि चढण्याआधी किती वेळ कोठे उभे राहते, हे पाहून परवानगी द्यावी, असे मला वाटते.

लाइफ जाकिटांच्या बाबतीत या क्लबला पूर्ण गुण द्यावे लागतील. वापरलेली जाकिटे साबणाच्या पाण्यातून काढून धक्क्याच्या कठड्यावर उन्हात वाळत टाकली जात होती आणि वाळलेली दुसऱ्या टोकाच्या दोरीवर टांगलेली होती. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून एक पोरगा तेथे बसवला होता. आमच्या पुढच्या बोटीतील एका गृहस्थांनी, कोणाचे तरी घातलेले जाकीट या दिवसांत नको, म्हणून ते घालण्यास नकार दिला. नावाडी शांतपणे म्हणाला, “पावनं, जाकीट घातल्याबिगर दोर सुटायचा न्हाय.” गृहस्थांनी बराच वाद घातला, शेवटी मुकाट्याने घातले. १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडवलेले हे पाणी आहे. साथीच्या भीतीने बुडण्याची भीती विसरणे परवडणारे नाही.

एका गोष्टीचा विचार मात्र सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाने करावा. पलीकडच्या काठावरील गावांना हे पाणी म्हणजे रस्ता आहे. रेशन, बाजार, दवाखाना यांसाठी तेथील माणसे लाँचवर आणि तराफ्यावर अवलंबून असतात, आणि कोणी अत्यवस्थ झाले तर त्याला आधी पाणी ओलांडून मगच घाट चढून साताऱ्याला किंवा महाबळेश्वरला न्यावे लागते. धरणात ज्यांची जमीन गेली, त्यांच्याच घरांतील अनेकजण आज नावाडी आहेत. त्यांना रोजगार हवा म्हणून बोटी चालू हव्यात, आणि पुण्यामुंबईहून आलेला ताप त्यांच्या वाडीत जाऊ नये म्हणून साथीत तोंडावर मास्क हवा. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने घरीच थांबावे. खिडकीवर शरीराचे तापमान मोजले जात होते, पण ते यंत्र आमच्या वेळी उन्हामुळे की बॅटरीमुळे कोण जाणे, प्रत्येकाला सारखाच आकडा दाखवत होते.

जायचे असल्यास शनिवार-रविवार टाळावा आणि सकाळी नऊच्या आत पोहोचावे. तेव्हा शेड रिकामी असते आणि बोटीसाठी थांबावे लागत नाही. नाकावर येणार नाही असे जाकीट निवडावे, लहान मुलांसाठी लहान मापाचे मागून घ्यावे. पिठले-भाकरीची मागणी बोटीत बसण्यापूर्वीच नोंदवून ठेवावी आणि जेवणाच्या जागी गर्दी असल्यास ताटे बाहेर झाडाखाली आणून देण्यास सांगावे. कोणी नाही म्हणत नाही.