पद्मिनीला मागे कॉइलओव्हर: आठ महिने, एक पावसाळा आणि खारी हवा

प्रीमियर पद्मिनीचे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपभोवतीच गुंडाळी स्प्रिंग असलेले जोड, बसवले, त्याला आठ महिने झाले. गाडी साडेसात हजार किलोमीटर चालली: आरे-वारेचा किनारी रस्ता, आंबा घाट आणि वाड्यांमधले जांभ्याचे कच्चे रस्ते. घाटातल्या वळणावर मागची बाजू आता रस्ता धरून राहते, खड्ड्यात हौसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारे ॲक्सलचे कवच) नाचत नाही. मात्र याचे श्रेय स्प्रिंगपेक्षा बॉडीला दिलेल्या आधाराला जास्त आहे.

पाटा वजन पेलतो आणि हौसिंगही जागेवर धरतो. कॉइलओव्हर फक्त वजन पेलतो. म्हणून हौसिंगला पुढे-मागे धरायला वर दोन, खाली दोन लिंक (जोडदांडे) आणि ते बाजूला सरकू नये म्हणून बॉडीला जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड लागतोच. हा रॉड गाडी नेहमीच्या वजनावर उभी असताना अगदी आडवा हवा. ८५० मिलिमीटरचा रॉड आडवा असेल तर ५० मिलिमीटर हालचालीत हौसिंग जेमतेम दीड मिलिमीटर बाजूला सरकते. त्याची दोन टोके आधीच १०० मिलिमीटर वरखाली असतील, तर तेच सरकणे सातच्या पुढे जाते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर स्टिअरिंग सावरावे लागते.

स्प्रिंग अंदाजाने घेऊ नका. रिकाम्या गाडीचे मागच्या एका चाकावर २०५ किलो भरले. चाक, ब्रेक आणि अर्धे हौसिंग मिळून साधारण ४५ किलो वजा केले की स्प्रिंगवर १६० उरतात. शॉकअप २० अंश आत कललेला असल्यामुळे चाकापाशी स्प्रिंगचा ८८ टक्केच कडकपणा पोचतो. प्रति मिलिमीटर १४ न्यूटनची स्प्रिंग एकट्या चालकाला छान वाटली. मागे तीन माणसे आणि सामान, म्हणजे दर बाजूला १०० किलो चढताच गाडी आठ सेंटीमीटर बसली आणि बंप रबरावर (हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटू लागली. २२ न्यूटनची लावल्यावर पाच सेंटीमीटरच बसते. रिकामी गाडी थोडी कडक लागते, ते सोसावे.

आता मुख्य गोष्ट. शॉकअपची मूळ वरची जागा गाडीचे वजन घेण्यासाठी नाहीच. तिथे स्प्रिंगचा भार टाकला की पत्रा फाटतो. बॉडीखालच्या दोन्ही बाजूंच्या बॉक्स सेक्शनच्या (पत्र्याच्या पोकळ तुळयांच्या) दरम्यान ४० बाय ४० बाय ३ मिलिमीटरची चौकोनी नळी आडवी घालावी, टोकांना ४ मिलिमीटरच्या प्लेट. बोल्ट एम१२, ८.८ ग्रेडचा, आणि तो शॉकअप धरणाऱ्या ब्रॅकेटच्या दोन्ही कानांतून आरपार जायला हवा; एकाच बाजूने धरलेला बोल्ट वाकतो. प्लेटचे कोपरे गोल करावेत, कारण तडा चौकोनी कोपऱ्यातूनच सुरू होतो. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी उतरवा, बॅटरी सोडा. सांध्यावर पांढरा रंग द्या: केसाएवढा तडा गेला तरी पहिल्याच पावसात त्यावर तांबडी रेघ उमटते. इथे ऑगस्टमध्ये डाव्या बाजूला ती दिसली. कोपरा गोल करून पुन्हा वेल्ड केल्यावर परत आलेली नाही.

खाऱ्या हवेने सर्वात जास्त त्रास दिला तो उंची बदलणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आट्यांना. पावसाळ्यानंतर पांढरी भुकटी धरून कॉलर (आट्यांवर फिरणारी, स्प्रिंग टेकवणारी कडी) जाम झाली. आता दर पंधरा दिवसांनी गोडे पाणी, नायलॉनचा ब्रश आणि आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण). तारेचा ब्रश वापरू नका, वरचा ॲनोडाइझ (गंजापासून वाचवणारा) थर निघतो. शॉकअपवर रबरी मोजा (आवरण) चढवला असेल तर धुताना तो काढाच, आत मीठ आणि तांबडा चिखल साठून राहतो. लिंकचे गोळीचे सांधे सहा हजार किलोमीटरांतच खडखडू लागले. त्या जागी रबरी बुश बसवल्यावर आवाज गेला.

बदल करण्याआधी आरटीओत विचारा, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनमानी बदल मानत नाही. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि विंटेज नोंदणीचा 'व्हीए' क्रमांक हवा असेल, तर चॅसी-बॉडीत असे काम करूच नका. २०२१ च्या नियमांत मूळ रूपाची अट आहे.

दोघांनी घाटातून फिरायला ही मांडणी मनापासून आवडली. पण घरची पाच माणसे आणि आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या गाडीला पाटेच ठेवावेत. त्यांना नवे बुश, नवे शॅकल (पाट्याचे टोक बॉडीला जोडणारे झुलते दुवे) आणि चांगले शॉकअप दिले तरी बराच फरक पडतो.