आयबी डिप्लोमा: अकरावी-बारावीची दोन वर्षं कशी जातात?

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम मेहनती मुलांसाठी उत्तम आहे, पण विषय निवडताना घाई नको. सहा विषय, त्यांतले किमान तीन हायर लेव्हलला. हायरला सुमारे २४० तास शिकवणी, स्टँडर्डला १५०. प्रत्येक विषयाला ७ गुण, शिवाय थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान कसं मिळतं, कसं तपासायचं याचा अभ्यास) आणि एक्स्टेंडेड एसे (दीर्घ संशोधन-निबंध) मिळून ३; एकूण ४५. थिअरी ऑफ नॉलेज किंवा एसे, यांपैकी एकातही 'ई' ही सगळ्यात खालची श्रेणी आली तर बाकी गुण कितीही असोत, डिप्लोमा हातचा जातो.

खरा फायदा ४,००० शब्दांपर्यंतच्या एक्स्टेंडेड एसेमध्ये आहे. प्रश्न स्वतः ठरवायचा, संदर्भ शोधायचे, युक्तिवाद बांधायचा. पाठांतरावर वाढलेल्या मुलांना ही सवय कॉलेजात फार उपयोगी पडते. फसतं ते विषय अघळपघळ घेतल्यामुळे. 'महाराष्ट्रातला दुष्काळ' चालणार नाही. एक तालुका, एक पीक, ठरावीक वर्षं असं नेमकं हवं. कच्चा खर्डा पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच उरका, कारण दुसऱ्या वर्षी सगळ्या विषयांचे अंतर्गत प्रकल्प एकदम अंगावर येतात.

गणितात अॅनालिसिस आणि अॅप्लिकेशन्स असे दोन मार्ग आहेत. इंजिनिअरिंग करायचं असेल तर अॅनालिसिस हायरच घ्या. परदेशातली अनेक विद्यापीठं तेच मागतात. मात्र जेईईची तयारी यातून आपोआप होत नाही, तिला वेगळा वेळ लागतो. मे महिन्याच्या परीक्षेचा निकालही जुलैत लागतो, तेव्हा इथल्या कॉलेजच्या प्रवेशाच्या तारखा आधीच विचारून ठेवा.