अप्पा बळवंत चौकाजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान : माझ्याकडून चार तारे

एम.ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर आहे, म्हणून गेले होते. फ्रेडरिक डग्लस या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाचं १८४५ सालचं आत्मचरित्र ९० रुपयांना मिळालं. काकांनी न सांगता खाकी कव्हरही घालून दिलं.

या प्रतीत शेवटी त्याचं ५ जुलै १८५२ चं रोचेस्टरमधलं भाषणही आहे. सगळी माणसं समान आहेत असं १७७६ मध्ये जाहीर करणाऱ्या देशात गुलामाला तुमचा चार जुलैचा स्वातंत्र्यदिन कशाचा, असं तो भर सभेत विचारतो. तो स्वतः गुलामीतून पळून आलेला! दुकानातल्या स्टुलावर बसून मी ते सलग वाचलं. काकांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "बाळ, 'गुलामगिरी' वाचलीस का? हे त्याच्याशेजारी ठेवून वाच."

जोतीराव फुल्यांनी १८७३ चं ते पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय. गंज पेठेतला फुले वाडा मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, अर्पणपत्रिका मात्र कधीच वाचली नव्हती. इतकी जवळची गोष्ट मला डग्लसमार्गे कळली, याचं फार वाईट वाटलं. तीही प्रत घेतली, ६० रुपयांना.

एक तारा कापला, कारण तिसऱ्या पुस्तकात, एका कथासंग्रहात, मधली सोळा पानं नव्हती. दुसऱ्या दिवशी परत नेलं, तर काकांनी पैसे लगेच दिले. जागा अरुंद आहे, दुपारी जा.