होमकमिंगचं मम किट: फूल छान, पाठ कच्ची

टेक्सासात मूल हायस्कूलला गेलं की सप्टेंबरात घरात ‘मम’चा विषय निघतोच. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी होणाऱ्या फुटबॉल सामन्याच्या, शुक्रवारी मुली कापडी शेवंतीचं भलंमोठं फूल छातीवर लावून शाळेत जातात, तोच मम. फुलाखाली गुडघ्यापर्यंत रिबिनी, रिबिनींच्या वेण्या, घंटा, प्लास्टिकचे फुटबॉल, वर एखादं टेडी. मुलगे याचंच छोटं रूप दंडावर बांधतात, तो गार्टर. पूर्वी फूल खरं असायचं. 1970 च्या दशकानंतर कापडी फुलं रुळली आणि वजनाला धरबंद राहिला नाही. नंदीबैलाची झूल आठवावी असा थाट असतो. ऑर्डर देऊन करून घेतलं तर बिल सहज शेकड्यांत जातं, म्हणून हॉबी लॉबी, मायकल्स अशा दुकानांत मिळणाऱ्या सामानाकडे आणि तयार किटकडे पालक वळतात. हा आढावा एका फुलाच्या, म्हणजे सिंगल ममच्या किटचा आहे.

फुलाबद्दल तक्रार नाही. पाकळ्या दाट असतात, दाबल्या गेल्या तरी हाताने पसरून पुन्हा उभ्या राहतात. रिबिनीही चालण्यासारख्या. खरी गोम फुलामागच्या पुठ्ठ्यात आहे. सगळं वजन तोच पेलतो, आणि बहुतेक किटांत तो इतका पातळ असतो की घंटा लटकवल्यावर दुपारपर्यंत मधोमध दुमडतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे 8 इंच व्यासाच्या जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापणं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा उत्तम. दोन्हींच्या नाल्या एकमेकींना काटकोनात येतील अशा ठेवा.

एका चकतीच्या कडेला रिबिनीची झालर येते. 4 इंचाचा तुकडा दुमडून 2 इंचाची घडी, दर इंचाला एक घडी, प्रत्येकीला स्टेपल. 8 इंच व्यासाचा घेर 25 इंच, म्हणजे एका थराला 100 इंच, जवळपास 3 यार्ड रिबन लागते. दोन थर दिले तरच झालर भरगच्च दिसते, आणि किटमधली रिबन नेमकी इथे अपुरी पडते. शाळेच्या रंगाचा 10 यार्डांचा एक जास्तीचा रोल आधीच आणावा. रंग उजेडात पडताळा: नेव्ही आणि रॉयल ब्लू दुकानातल्या दिव्याखाली भाऊ-भाऊ वाटतात, मैदानावर नाही. पांढरा-चंदेरी घेऊ नका. बहुतेक शाळांत तो सिनिअरांचा, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांचा मान असतो, आणि फ्रेशमनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाने घातला तर दिवसभर ऐकून घ्यावं लागतं.

खाली सोडायच्या पट्ट्या 36 इंची कापल्या की 10 यार्डांत बरोबर 10 बसतात. सगळ्यात मागे 40 नंबरची रुंद रिबन (पावणेतीन इंच), त्यावर 9 नंबर (साधारण दीड इंच), पुढे 3 नंबरच्या बारीक पट्ट्या. क्रम उलटला तर बारीक रिबिनी आणि त्यांवरची सजावट रुंद पट्ट्यांमागे गडप होते. पट्ट्या चकतीला आधी स्टेपल करा, मग त्यावर ग्लू गन फिरवा. नुसत्या गोंदावर भिस्त ठेवू नका. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत मम राहिला की गोंद मऊ पडतो आणि पट्ट्या एकेक करून निसटतात. स्टेपल झाकायला दुसरी चकती मागून चिकटवायची. फूल सगळ्यात शेवटी.

टेडी गोंदाने टिकत नाही, कारण गोंद फक्त त्याची लव धरतो. कमरेभोवती तार घाला, पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून टोकं मागे पिळा. हे दुसरी चकती लावायच्या आधी करायचं, नाहीतर तारेची टोकं शर्टात रुततात. घंटा चिकटवू नका, 3 नंबरच्या रिबिनीला गाठ मारून बांधा. सगळ्या एकाच उंचीवर आल्या तर एकमेकींत अडकतात, तेव्हा खाली-वर बांधा. आणि घंटांबद्दल शाळेचा नियम आधी विचारा. वर्गात हा किणकिणाट सगळ्याच शिक्षकांना सोसत नाही.

नावाच्या पट्टीत मराठी घरांची हमखास फसगत होते. अक्षरांच्या पाकिटात ‘ए’ मोजकेच असतात आणि ‘आराधना’ इंग्रजीत Aaradhana असं लिहिलं तर एकटीला 5 लागतात. एकाऐवजी दोन पाकिटं घ्यावीत. दुसरी अडचण लांबीची. ‘ज्ञानेश्वरी’ची (Dnyaneshwari) 12 अक्षरं 2 इंचांची घेतली तर मधल्या अर्ध्या इंचाच्या फटींसकट साडेएकोणतीस इंच होतात. 36 इंची पट्टीचे वरचे 5-6 इंच फूल आणि झालरीखाली जातात, खालचे दोन-तीन टोकाच्या व्ही आकाराच्या कापात. मग शेवटचं अक्षर कुठे जाणार? दीड इंची अक्षरं घेतली की नाव ऐसपैस बसतं. आधी चिकटवून न टाकता टेबलावर मांडून बघा; सॅटिनवरून एकदा उचललेलं अक्षर परत नीट बसत नाही.

किटमधली पिन सरळ बाजूला ठेवा. सिंगल मम घंटांसकट पिनेवर टांगला तर टीशर्ट खाली ओढला जातो आणि भोक पडतं ते वेगळंच. 9 नंबरच्या रिबिनीचा पट्टा दोन चकत्यांच्या मधून स्टेपल करून गळ्यात घाला आणि मम हलू नये एवढ्यापुरती पिन वापरा. पट्ट्याची लांबी मुलीला उभं करून, शाळेत घालायच्या बुटांसकट ठरवायची. रिबीन बुटाला लागली की जिन्यात पायाखाली येणारच.

वेण्यांचं सामान किटमध्ये जेमतेम असतं. घडीची वेणी तयार लांबीच्या कितीतरी पट रिबन खाते, आणि हात बसेपर्यंत ती एका बाजूला वळत राहते. वेळ नसेल तर तयार वेणी विकत घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

याच किटचा गार्टर मात्र घेऊ नका. त्यातलं इलॅस्टिक सर्वांना एकाच मापाचं असतं: बारीक दंडावरून ते तासाभरात कोपरापर्यंत घसरतं आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोराच्या दंडाला वळ उठवतं. पाऊण इंची इलॅस्टिक सुटं आणून, दंडाच्या घेरापेक्षा इंचभर कमी कापून शिवलं की काम झालं.