भट्टी पेटलेली असेल तरच जा: सत्तरीतली फेणीची सहल

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरगावांतून दिवसभर फिरवून हुर्राक आणि फेणी, म्हणजे काजूच्या फळाची (बोंडूची) दारू, चाखायला देणारी सहल काजूच्या मोसमात केली, म्हणजे मार्चपासून मेच्या सुरुवातीपर्यंत, तर माणशी घेतलेले अडीच हजार रुपये पुरेपूर वसूल होतात. मोसम नसताना मात्र याच सहलीला मी कुणाला पाठवणार नाही. थंड पडलेली भट्टी बघायला आणि बाटलीतली फेणी प्यायला डोंगरात कशाला जायचं, ती पणजीतही मिळते.

मी दोडामार्ग तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हापासून काजूच्या बागेत आहे. खालच्या बाजूला वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं, वर टेकाडावर सासऱ्यांनी लावलेली गावठी झाडं. मार्च उजाडला की घरातल्या बायकांची सकाळ बागेतच जाते. बी पिळून टोपलीत टाकायची आणि बोंडूंचा ढीग झाडाच्या बुंध्याशी सोडून द्यायचा. थोडे गुरं खातात, बाकीचे कुजतात. दुपारच्या उन्हात तो आंबूस वास डोक्यात चढतो. बीपेक्षा बोंडू कितीतरी वजनदार, म्हणजे झाड जे देतं त्यातलं बहुतेक आम्ही मातीत घालतो. गोव्याची हद्द इतकी जवळ असून पलीकडे त्याच बोंडूचं काय करतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. थोरली जाऊ, माझी वैनी, म्हणाली, "चल गो, एकदा बघून तरी येवया." मामंजी दारूला शिवत नाहीत, पण त्यांनीही अडवलं नाही. "जावा, बघून येवा, आणि माका नीट सांगा," एवढंच म्हणाले.

साखळीच्या बसस्थानकावरून सकाळी सातला गाडी निघाली. आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं आणि बेळगावचे तीन मित्र. गाईड सत्तरीचाच, पंचविशीतला मुलगा, घरी स्वतःच्या काजू असलेला. हा माझ्या मते या सहलीचा सगळ्यात मोठा गुण. तो पाठ केलेलं बोलत नव्हता. केरीच्या पुढे अंजुणे धरणाचं पाणी दिसलं तेव्हा गाडी थांबवून त्याने समोरचा चोर्ल्याचा डोंगर दाखवला आणि कुठल्या उतारावर काजू आधी पिकतो, कुठल्या उतारावर उशिरा, ते सांगितलं. वैनी लगेच आमच्या बागेशी ताडून बघायला लागली आणि दोघांचं छान जमलं.

पहिला मुक्काम डोंगरउतारावरच्या बागेत. इथे प्रत्येकाच्या हातात टोपली देतात आणि बोंडू वेचायला लावतात. पुण्याच्या मंडळींना त्यात गंमत वाटली. आम्हा दोघींना तेच रोजचं काम, पण एक गोष्ट नवीन होती. आमच्याकडे घाई असली की आकडीने फांदी हलवतो, बी पदरात पडली की झालं. इथे झाडाला हात लावायचा नाही. बागेचा मालक म्हणाला, "झाडार आसा तो आमचो न्हय. सकयल पडलो काय मगीर आमचो." पूर्ण पिकून आपोआप गळलेला बोंडूच रसाला घेतात, ओढून काढलेल्यात गोडी कमी आणि तुरटपणा जास्त. बोंडू खाल्ला की घसा धरतो हे आमच्या लहान पोरांनाही माहीत आहे, पण त्याच तुरटपणाची काळजी पहिल्या पायरीलाच घेतात हे मला तिथे कळलं. झाडं बहुतेक गावठी. आमच्या कलमांइतकी मोठी बी नाही, पण वास मात्र असा की हात धुतल्यावरही बोटांना राहतो.

मग बोंडू तुडवायची जागा. खडकात खोदलेलं उथळ कुंड, त्याला ते कोळमी म्हणतात, आणि एका बाजूला रस वाहून जायला चर. आता पुष्कळ ठिकाणी यंत्र आलं आहे, पण या घरात अजून पाय धुऊन माणसंच उतरतात. पाहुण्यांनाही उतरू देतात. तुडवून झालं की चोथ्याचा ढीग करून वेलीने घट्ट आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. त्यातून रात्रभर जो रस ठिबकतो तो निरो. आदल्या रात्रीचा निरो आम्हाला मातीच्या गडव्यातून दिला. गार, गोड, आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित ओढ. न पिणाऱ्यांनी आणि मुलांनी सहलीला येऊन काय करायचं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हा निरो.

आता भट्टी. सहलीत सगळ्यात जास्त वेळ इथे देतात आणि तो द्यायलाच हवा.

घराच्या मागे झापांची खोप, आत चुलीवर तांब्याचं मोठं भांडं. त्याला भाण म्हणतात. पूर्वी ते मातीचं असायचं. तुडवून काढलेला रस पिंपात तीनेक दिवस ठेवतात. त्यात बाहेरचं काही घालत नाहीत, ना साखर, ना खमीर. तो आपसूक फसफसतो. फेस बसला की रस भाणात, तोंडावर झाकण, आणि सांध्यांना वारुळाची माती आणि फडकं लावून वाफेची वाट बंद. नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात जाते, ती लावणी. लावणी पाण्यात बसवलेली असते आणि तिच्यावर सतत गार पाणी ओतावं लागतं. हे पाणी ओतायला घरातली आजी बसली होती. एका हातात करवंटीचा डोवला, दुसऱ्या हाताने चुलीतलं लाकूड मागेपुढे. आमच्याशी गप्पा मारताना तिची नजर एकदाही जाळावरून हटली नाही. जाळ वाढला तर करपट वास उतरतो आणि मग सगळी मेहनत पाण्यात. मी विचारलं, "आजी, कळतं कसं?" ती म्हणाली, "नाकान बाय, आनीक कशान?"

पहिल्या वाफेचा जो उतारा निघतो तो हुर्राक. साधारण पंधरा टक्के मद्य, हलका, आणि मोसमापुरताच, कारण तो टिकत नाही. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस मिसळून दुसऱ्यांदा चढवला की फेणी उतरते, ती बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. जोर मोजायला त्यांच्याकडे ग्राव या मापाची मोजपट्टी आहे, पण आजीने ती हातातही घेतली नाही. बारीक धार पेल्यात उंचावरून सोडली आणि कडेने बुडबुड्यांची माळ किती वेळ राहते ते पाहिलं. मग मोजपट्टी लावली तर आकडा तिने सांगितलेलाच. बेळगावच्या एकाने टाळ्या वाजवल्या. आजीला ते आवडलं नसावं; ती पुन्हा पाणी ओतायला लागली.

चाखायची बैठक अंगणात, फणसाच्या सावलीत. छोटे पेले, मधे प्यायला पाणी, आणि गाईड घाई करत नाही. आधी त्याच सकाळचा हुर्राक, नुसता. मग तोच लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. लोक असाच पितात, पण नुसता प्यायलात तर बाग कळते. पिकलेल्या बोंडूचा वास पुढे, मागे थोडा धूर. मग गेल्या मोसमाची फेणी. पहिला वास जोरदार, नवख्याला मागे सरकवणारा. पेला तसाच थोडा वेळ ठेवला आणि मग नाक जवळ नेलं तर त्यात आमची बाग होती, एप्रिलमधली, दुपारची. वैनीने एकच घोट घेतला आणि म्हणाली, "हो वास तर आपल्या खळ्यातलो." शेवटी दुदशिरी, म्हणजे अनंतमुळाची मुळं घालून ठेवलेली फेणी. ती मऊ, औषधी, आणि मला सगळ्यात आवडलेली. पोट बिघडलं की ही घोटभर देतात असं आजीने सांगितलं.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे आणि ती मनापासून करते. चाखताना प्रत्येकाच्या हातात एक छापील कार्ड दिलं. त्यावर वासांची यादी: हिरवं सफरचंद, नाशपाती, व्हॅनिला, ओक. कुठल्यातरी द्राक्षाच्या वाईनच्या सहलीवरून उचललेली. पुण्याच्या ताई बिचाऱ्या प्रामाणिकपणे पेल्यात नाशपाती शोधत होत्या. दहा पावलांवर बसलेली आजी सांगत होती की यंदाच्या हुर्राकाला अननसाचा वास जास्त आहे आणि डोंगराच्या वरच्या बाजूचा रस घेतला की ओल्या मातीचा वास येतो. तिचं बोलणं कार्डावर छापा. पाहुणे जे समजून घ्यायला आलेत ते तिच्याकडे आहे.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, पण ओल्या काजूगरांची उसळ, आंबाड्याची आमटी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर हे सगळं त्याच घरात शिजलेलं होतं. उसळीत काजू मोजून घातलेले नव्हते. फेणीच्या घोटानंतर किसमूर खाऊन बघा.

दुपारी ब्रह्मकरमळीच्या ब्रह्मदेवाच्या देवळात नेतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचातून वाचवण्यासाठी तिसवाडीतल्या करमळीहून ही मूर्ती इथे डोंगराआड आणली. मूर्ती फार सुंदर आहे. मात्र फेणी चाखून देवळात जाणं आम्हा दोघींना रुचलं नाही, आम्ही बाहेरूनच हात जोडले. देऊळ सकाळी पहिल्यांदा ठेवावं. रस्ता थोडा फिरवून घ्यावा लागेल, पण ते बरं.

शेवटचा थांबा मात्र वाया गेलेला. वातानुकूलित दुकान, चकचकीत बाटल्या, आणि विकणाऱ्या मुलाला हुर्राक कशाचा करतात हेही धड सांगता येईना. तिथे पाऊण तास घालवला आणि भट्टीवरून मात्र "उशीर होतोय" म्हणून उठवलं होतं. तो पाऊण तास आजीजवळ दिला असता तर कुणीही नाही म्हटलं नसतं. तिच्या घरची फेणी विकत घ्यायची सोय असती तर मी तिथेच पैसे दिले असते. दुसरं म्हणजे बागेत आणि भट्टीवर बायकांसाठी धड संडास नाही. पाहुण्यांकडून एवढे पैसे घेता तर त्या घराला एक संडास बांधून द्या. घरच्या बायकांनाही त्याचा उपयोग होईल.

गोव्यात काजूचे विभाग अबकारी खातं लिलावात देतं, त्यातून भट्टीवाले बोंडू उचलतात. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं. काजू मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला, पण बोंडू फेकायचा नाही ही अक्कल या डोंगरातल्या माणसांची. हद्दीच्या अलीकडे, तीच माती आणि तोच पाऊस असताना, आम्ही फक्त बीवर जगतो आणि बीचा दर पडला की हात चोळत बसतो. मला दारूच्या भट्ट्या इकडे याव्यात असं म्हणायचं नाही. पण त्या निरोचा एक गडवा आमच्या बाजारात का मिळू नये, हा प्रश्न परतताना दोडामार्गपर्यंत आम्हा दोघींच्या बोलण्यात होता.

सहलीवाल्यांचं नाव इथे देत नाही. तुम्ही ज्यांच्याकडून जाल त्यांना पैसे भरण्याआधी हे विचारा: त्या दिवशी भट्टी पेटलेली असेल का, बोंडू गळलेलेच वेचतात का, भट्टीवर किती वेळ मिळेल, आणि दुकानाचा थांबा वगळता येईल का. चालक न पिणारा आहे याची खात्री करा; आमचा होता, आणि चोर्ल्याच्या वळणांवर ते बरं वाटलं. टोपी, जुनी चप्पल आणि डाग पडला तरी चालेल असे कपडे घ्या, कारण बोंडूचा डाग जात नाही. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी येताना बाटली आणायचा मोह ठेवू नये. परवान्याशिवाय गोव्याची दारू इकडे आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात.

आम्ही पुढच्या मोसमात पुन्हा जाणार आहोत, या खेपेला मामंजींना घेऊन. त्यांना भट्टी बघायची आहे आणि निरो प्यायचा आहे. गाईड म्हणाला, स्वतःच्या गाडीने केरीपर्यंत आलात तर दुकान आणि देऊळ दोन्ही सोडून अर्ध्या दिवसाचे माणशी बाराशे घेईन. आम्ही तेच करणार.