48 सुरांतले दहाच ऐकले

सव्वीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काढली. धोट्याचा आवाज जरा बदलला की शेडच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत बसून सांगायचो, त्या कोपऱ्यातल्या मागाचं पिकिंग, म्हणजे धोटा फेकायची यंत्रणा, सैल झालंय. असल्या कानाच्या माणसाला एका पोरगेल्या इसमाने माउथ ऑर्गनच्या नावाखाली साडेअकरा हजारांना बुडवलं. बायको म्हणते, अहो, लिहू नका, लोक हसतील. हसू देत. पण सोलापुरात हा हौशी लोकांचा कळप छोटा आहे, आणि तो माणूस अजून धंद्यात आहे.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर मी एवढ्या महागाच्या वाटेला का गेलो ते कळणार नाही. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पत्र्याचा बाजा मिळायचा. आठ दिवसांत थुंकीने गंजायचा आणि घरचे सुटकेचा श्वास सोडायचे. निवृत्तीनंतर मुलाने ऑनलाइन दहा भोकांचा डायटॉनिक, म्हणजे बटण नसलेला साधा माउथ ऑर्गन, मागवून दिला. चांगला होता, त्यात खोट नव्हती. पण त्यावर भजनाची साधी चाल काढायला गेलो तर खालच्या सप्तकात म नाही आणि ध नाही! मला वाटलं मलाच सापडत नाहीयेत. महिनाभर शोधले. मग समजलं की त्याची रचनाच तशी असते, खालच्या भागात साथीचे सूर एकदम वाजावेत म्हणून म आणि ध गाळलेले असतात. तिकडचे वादक दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाची ओढ, म्हणजे श्वास आत घेताना वाजणारा सूर, श्वासाने वाकवून ते सूर काढतात. मला ते जमलं नाही. आपल्या गाण्यांना सगळे सूर हवेत तर बटणवाला क्रोमॅटिक घ्यावा लागतो. 12 भोकं, प्रत्येकात चार रीड्स (श्वासाने थरथरून सूर काढणाऱ्या पितळी पट्ट्या), म्हणजे एकूण 48. फुंकीचा एक, ओढीचा एक, आणि बटण दाबलं की हेच दोन अर्ध्या सुराने वर.

तर एके दिवशी फोनवर जाहिरात दिसली: होनर कंपनीचा क्रोमॅटिक, जर्मन, मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकाचा, संपूर्ण सर्व्हिसिंग केलेला. पत्ता नवी पेठेतल्या एका बोळातला, वरच्या मजल्यावरची खोली. नाव लिहीत नाही.

खोली नीटनेटकी. टेबलावर मखमलीचा तुकडा, त्यावर वाजा. वरची पत्र्याची कव्हरं अशी चकचकीत की त्यात खिडकी दिसत होती. बाजूला छोटा स्पीकर. त्याने फोनवरून ठेका लावला आणि देव आनंदच्या 1958 च्या चित्रपटातलं, हेमंतकुमारांनी गायलेलं ते रेल्वेच्या डब्यातलं गाणं वाजवायला घेतलं, ज्याच्यामागे तरुण पंचमदांचा माउथ ऑर्गन आहे. माझे वडील गिरणीतून आले की रेडिओवर तेच लागायची वाट बघायचे. झालं, मी तिथेच विरघळलो. आज आठवून बघतो तेव्हा लक्षात येतं की ती अख्खी चाल त्याने मधल्या सप्तकात ठेवली होती. बटणाला बोट लागलं ते नावापुरतं. मोजून दहा सूर असतील. उरलेले अडतीस मी ऐकलेच नाहीत.

मी म्हणालो, जरा मला फुंकून बघू दे. तो हसून म्हणाला, "काका, तोंडाची वस्तू हाय की ओ. घेतल्याशिवाय दुसऱ्याला लावू देत नाही. उद्या तुमच्याच तोंडाला कुणाचा उष्टा आला तर चालतंय का?" मला ते इतकं पटलं की उलट माणूस स्वच्छ आहे असं वाटलं. (एरवी ही अडचण खरीच आहे. पण तिच्यावर उपायही आहेत. काही विक्रेते सूर तपासायला छोटा भाता ठेवतात, नाहीतर विकणारा स्वतः एकेक भोक वाजवून दाखवू शकतो.) चौदा हजारांवरून साडेनऊवर सौदा ठरला. पाच रोख, बाकीचे फोनवरून. बिल मागितलं तर म्हणाला, जुना माल, बिल कसलं, मीच बिल.

घरी येऊन खालचं पहिलं भोक फुंकलं. नुसता फुस्स. जोर लावला तर सा आला, पण आजारी म्हशीसारखा. वरच्या तीन भोकांत उलटं, हळू फुंकलं तर सूर, जरा जोरात फुंकलं की घसा बसल्यासारखं गप्प. नातवाने मोबाइलवर सूर मोजणारा ट्यूनर लावून दिला. खालचे सूर तीस-तीस सेंट उतरलेले, वरचे पंधरा-वीस चढलेले. एक अर्धा सूर म्हणजे 100 सेंट, त्यावरून काय ते समजा. आता हेही सांगायला हवं की 440 हर्ट्झ या नेहमीच्या प्रमाण सुरावर लावलेल्या ट्यूनरवर नवा, उत्तम वाजाही थोडा चढाच दिसतो. कारखान्यात तो बहुधा 442 च्या आसपास लावतात, कारण फुंकीच्या जोराने सूर किंचित उतरतो. तेव्हा सगळेच सूर सारखे पाच-सात सेंट वर असले तर भांडायला जाऊ नका. माझा मात्र खाली एक तऱ्हा, वर दुसरी.

परत गेलो. "ॲडजस्टमेंट लागते काका, मोसम बदलला की." बाराशे रुपये, चार दिवस. परत आला तेव्हा थोडा बरा होता. दहाव्या दिवशी सहाव्या भोकाची ओढ वाजवता वाजवता जवळपास अर्धा सूर खाली घसरली. पुन्हा गेलो. आता म्हणे रीड्स नव्या आहेत, सूर बसायला सहा महिने लागतात, तोवर बटणाच्या पट्टीत दोन थेंब शिवणयंत्राचं तेल सोडत जा. आणखी आठशे. आणि हो, मी तेल सोडलं. तोंडात घ्यायच्या वस्तूत! ती पट्टी चिकटली तर काढून साबणाच्या पाण्याने धुवायची आणि कोरडी करून बसवायची असते, हे नंतर कळलं.

शेवटी बाळीवेशीत भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे नेला. माउथ ऑर्गन हे त्यांचं काम नव्हे, पण रीड ती रीडच. त्यांनी कव्हरं काढली, टेबलावरचा दिवा खाली ओढला, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग मला भिंग दिलं. "जॉबरसाहेब, तुम्हीच बघा."

पितळेच्या बारीक पट्ट्या एका टोकाला रिव्हेटने धरलेल्या, दुसरं टोक मोकळं. काळवंडलेल्या पितळेवर मोकळ्या टोकाला ताजे पिवळे ओरखडे, तेही आडवे. मामांनी समजावलं ते असं: टोकाकडचं पितळ खरवडलं की रीड हलकी होते आणि सूर चढतो, मुळाकडचं खरवडलं की उतरतो. वर्षानुवर्षं वाजून पितळ थकतं, सूर उतरत जातो. अशा थकलेल्या रीडला टोकाला खरवडून वर आणता येतं, पण दरवेळी ती पातळ होते. आणि खरवडायचं ते लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने, दर दोन हातांनी सूर बघत. आडवा ओरखडा म्हणजे तडा जायला केलेली खूणच. सहाव्या ओढीच्या रीडला रिव्हेटजवळ केसाएवढी रेघ होती. नखाने जरा उचलली तर तुकडा मामांच्या बोटावर आला.

रीडच्या फटींवर हवा वाया जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या अगदी पातळ झडपा असतात. इथे त्या कुठल्यातरी पिशवीतून कापलेल्या, जाड, आणि गोंद ओघळून दोन रीड्सच्या फटीत गेलेला. म्हणून तो फुस्स. नासपतीच्या लाकडाच्या सांगाड्यावर रीडच्या प्लेट या मॉडेलला खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. माझ्याकडे चार ठिकाणी खिळ्याऐवजी स्क्रू होते, तेही दोन मापांचे.

सगळ्यात झोंबलं ते पुढचं. मी म्हणालो, म्हणजे हा नकली. मामा म्हणाले, "नाही ओ, नकली कुठला? अस्सल हाय. होनरचं 270 मॉडेलच हाय. फक्त मेलेला हाय." नकली असता तर कदाचित मी ओळखला असता. डब्यावरचं नाव, ठसा, लाकूड सगळं बघून गेलो होतो. जर्मनी छापलंय का हेही बघितलं होतं, कारण होनरचीच काही स्वस्त मॉडेल्स चीनमध्ये बनतात एवढं मला ठाऊक होतं. चादर घेताना दोन्ही बाजू उलटून बघणारा मी, इथे चकचकीत कव्हरावर भुललो. कव्हरं तेवढी नवी मिळतात. ती दोन-चार स्क्रूंवर बसतात.

आता, कुणी जुना क्रोमॅटिक दाखवला तर मी काय करतो ते सांगतो. ठेका बंद करायला लावतो. मग एकेक भोक, फुंक आणि ओढ, बटण सोडून आणि दाबून. दहा मिनिटं लागतात. ट्यूनर नसला तरी वाज्याच्या पोटातच मोजमाप आहे: सी पट्टीच्या वाज्यात चौथ्या भोकाची फुंक आणि पाचव्या भोकाची फुंक दोन्ही वरचा सा, तसंच आठवं आणि नववं. दुसऱ्या भोकाची नुसती ओढ म्हणजे म, आणि त्याच भोकाची बटण दाबून फुंक, तोही म. चौथ्याची बटण दाबून ओढ पुन्हा सा. या जोड्या एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत. त्या वेगवेगळ्या रीड्स असतात, त्यामुळे खरवडखोर माणूस तिथे हमखास उघडा पडतो. एकदा हळू फुंकायचं, एकदा जोरात. आणि कव्हर उघडून दाखव म्हणायचं. स्क्रूड्रायव्हर मी खिशात नेतो.

एक गोष्ट मात्र माझ्याच हातांनी सुधारली. रीडचं मोकळं टोक प्लेटपासून किती उचललेलं आहे त्यावर तिचं बोलणं ठरतं. जास्त उचललेली रीड श्वास खाते, फार दबलेली जोराच्या फुंकीला गप्प होते. साधारण रीडच्या टोकाच्या जाडीएवढी फट ठेवायची, खालच्या सुरांना जरा जास्त. त्या इसमाने वरच्या सगळ्या दाबून ठेवल्या होत्या. मागाचं फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पात्यांचं) काढलं, बायकोची सुई घेतली आणि दोन दुपारी बसलो. वरची तीन भोकं आता जोरातही बोलतात. सहावी ओढ अर्थातच नाही. ती आली की नातू तोंडाने "रे" ऐवजी "म" म्हणतो. म्हणजे बरोबरच म्हणतो, तिथे म च आहे, मीच शिकवताना चुकलो होतो.

तक्रारीचं विचाराल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण तिथे सांगायला माझ्याकडे बिलाचा कागद नाही आणि अर्धे पैसे रोखीत गेलेले. निदान तुम्ही सगळे पैसे फोनवरून द्या आणि मॉडेल, पट्टी, परतीची मुदत मेसेजवर लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात जाहिरात पुन्हा आली. तीच मखमल, दुसरा वाजा, या वेळी वादक पुण्याचा. मी मुलाच्या नंबरवरून फोन लावला. म्हणालो, दुसऱ्या भोकाची ओढ आणि मग बटण दाबून फुंक, एवढंच ऐकव. "अख्खं गाणंच ऐकवतो की ओ काका," तो म्हणाला, आणि ठेका सुरू झाला.